नकाशावरील प्रश्न आणि दप्तरातील गठ्ठे

रस्त्याची आखणी नकाशावर पूर्ण झाली की महसूल कार्यालयापुढे जो पहिला प्रश्न उभा राहतो तो दिसावयास अगदी साधा असतो. या पट्ट्यात कोणकोणत्या जमिनी येतात? गाव एकच असेल तर तलाठी गावचा नकाशा समोर पसरून, पट्ट्याला लागलेले भूमापन क्रमांक एकेक करून टिपून घेतो व तासाभरात यादी तयार होते. परंतु पट्टा तीन तालुक्यांतून जात असेल आणि नोंदींची संख्या लाखांच्या घरात असेल, तर हे काम संगणकाकडे सोपवावे लागते. संगणक हे उत्तर क्षणात देतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुष्कळ अंशी खरी असली तरी त्या क्षणाचे श्रेय यंत्राच्या वेगाला देणे योग्य नव्हे. नोंदी कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत, यावरच उत्तर क्षणात येणार की ताटकळत बसावे लागणार, हे बव्हंशी ठरते.

अशा यादीकडून दोन अपेक्षा असतात. पहिली अशी की, पट्ट्यातील एकही जमीन सुटता कामा नये. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचनेत संपादन करावयाच्या जमिनीचा तपशील द्यावा लागतो. यादीतून एखादा क्रमांक गळाला तर त्या खातेदाराला आपल्या शेतातून रस्ता जाणार असल्याचे मोजणीदार दारात उभा राहीपर्यंत कळावयाचे नाही. दुसरी अपेक्षा अशी की, चार जमिनी शोधण्याकरिता सारे दप्तर उपसावे लागू नये. या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी कशा पुऱ्या कराव्यात, हा संगणकशास्त्रातील एक स्वतंत्र अभ्यासविषय असून त्याचे नाव ‘बाह्य स्मृतीतील क्षेत्रशोध’ असे देता येईल.

बाह्य स्मृती म्हणजे काय?

जुन्या दप्तरखान्यात कागद सुटे ठेवीत नसत. ते कापडात बांधून त्यांचे रुमाल करीत, व एक कागद पाहावयाचा असला तरी सबंध रुमाल फडताळातून काढून सोडावा लागे. संगणकाची स्थिती नेमकी अशीच आहे. यंत्राची अंतर्गत स्मृती हे कारकुनाचे टेबल. तेथे असलेला कागद हात लांबविताच मिळतो. परंतु टेबल लहान असते. मोठा साठा राहतो तो डिस्कवर, म्हणजे फडताळात, आणि तेथून एक सुटी नोंद आणता येत नाही. शेकडो नोंदींचा एक गठ्ठा आणावा लागतो.

टेबल आणि फडताळ यांतील अंतर किती, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग वाचकाग्राखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो व वाचकाग्र योग्य जागी सरकण्यास आणखी काही मिलिसेकंद लागतात. अशा रीतीने कोठलाही एक गठ्ठा आणण्यास साधारण १० मिलिसेकंद खर्ची पडतात. अंतर्गत स्मृतीतून नोंद घेण्यास मात्र सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात. हे प्रमाण एकास एक लाख असे पडते! टेबलावरचा कागद उचलण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर फडताळातून रुमाल आणण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागतो, असा याचा अर्थ होतो. फिरते भाग नसलेल्या अलीकडच्या साठवण-साधनांनी हे अंतर पुष्कळ कमी केले आहे. तरी तेथेही वाचन गठ्ठ्यागठ्ठ्यानेच होते.

म्हणून १९८८ साली आलोक अगरवाल व जेफ्री व्हिटर या दोन शास्त्रज्ञांनी असे सुचविले की, मोठ्या साठ्यावर चालणाऱ्या पद्धतीची परीक्षा करताना टेबलावरचे काम हिशेबात धरूच नये. फक्त गठ्ठ्यांच्या खेपा मोजाव्यात. ही कसोटी पुढे सर्वमान्य झाली. या लेखातील सर्व हिशेब तिच्याच आधारे केले आहेत.

एका दिशेचा शोध सोपा

समजा, १० लाख जमिनींच्या नोंदी आहेत व एका गठ्ठ्यात १०० नोंदी मावतात. एकूण गठ्ठे झाले १०,०००. नोंदी भूमापन क्रमांकाच्या ओळीने लावल्या व त्यांवर सूची केली, की एक क्रमांक शोधणे हे काम राहतच नाही. सूचीच्या पहिल्या पानावर १०० वाटा असतात. त्यांतील एका वाटेने गेल्यावर दुसऱ्या पानावर पुन्हा १०० वाटा. तिसऱ्या खेपेस नोंदींचा गठ्ठाच हाती येतो. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर म्हणजे १० लाख; अर्थात तीन खेपा पुरतात. अशा सूचीला ‘बी-वृक्ष’ म्हणतात. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंग या विमान कंपनीच्या संशोधनशाळेत ती सिद्ध केली व १९७२ साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. आज जगातील बहुतेक सर्व मोठे माहितीसाठे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात हिच्यावरच उभे आहेत.

परंतु नकाशावरील प्रश्न भूमापन क्रमांकाचा नसतो. तो जागेचा असतो, आणि जागेला दोन दिशा असतात. पूर्वेकडील अंतर एवढ्यापासून एवढ्यापर्यंत, आणि त्याच वेळी उत्तरेकडील अंतर एवढ्यापासून एवढ्यापर्यंत, असा तो आयताचा प्रश्न असतो. गठ्ठे मात्र एका ओळीत ठेवलेले. दोन दिशांचा नकाशा एका ओळीत कसा बसवावयाचा, हीच या विषयातील खरी अडचण होय.

पहिला विचार असा सुचतो की, सर्व नोंदी पूर्वेकडील अंतराच्या क्रमाने लावाव्यात. यात काय होते ते पाहावे. नकाशावर एक चौरस काढला व त्यात १,००० जमिनी आल्या असे धरू, म्हणजे एकूण क्षेत्राचा हजारावा भाग. जमिनी सारख्या पसरलेल्या असतील तर या चौरसाची रुंदी संपूर्ण नकाशाच्या रुंदीच्या सुमारे बत्तिसाव्या भागाएवढी भरते. पूर्वेच्या क्रमाने लावलेल्या दप्तरातून तेवढ्या रुंदीचा, परंतु दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत पसरलेला सबंध पट्टा काढावा लागतो. त्यात ३१,००० हून अधिक नोंदी, म्हणजे सुमारे ३१६ गठ्ठे येतात. उपयोगाच्या नोंदी १,०००. त्या १० गठ्ठ्यांत मावल्या असत्या. बाकीचे तीनशे गठ्ठे विनाकारण सोडले व पुन्हा बांधले. उत्तरेच्या क्रमाने लावले तरी निकाल तोच.

आता तोच नकाशा १०० × १०० अशा चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीचा एक गठ्ठा केला, तर आपल्या चौरसाला उभ्या-आडव्या चार-पाच चौकटींचाच स्पर्श होतो. सोळा ते पंचवीस गठ्ठ्यांत काम भागते. नोंदी त्याच, डिस्क तीच, यंत्रही तेच. फक्त गठ्ठा बांधताना ‘एका रांगेतील’ ऐवजी ‘एका शेजारातील’ जमिनी एकत्र घेतल्या.

मात्र रस्ता हा चौरस नसतो. अरुंद, लांब पट्टा नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेला तर तो निदान १०० चौकटींना स्पर्श करतो, मग त्यात जमिनी पन्नासच का असेनात. दहा हजार गठ्ठ्यांचे वर्गमूळ १०० आहे, हा योगायोग नव्हे. प्रत्येक नोंद एकाच ठिकाणी ठेवावयाची असेल, तर मांडणी कितीही कुशल असली तरी काही प्रश्नांकरिता गठ्ठ्यांच्या संख्येच्या वर्गमूळाएवढ्या प्रमाणात खेपा घालाव्याच लागतात, असे गणिताने सिद्ध झालेले आहे. अधिक वेग हवा असेल तर नोंदींच्या जादा प्रती ठेवाव्या लागतात. म्हणजे वेळेची किंमत जागेने चुकवावी लागते.

कॅनडाची चुंबकीय फीत

जमिनीच्या नोंदींसाठी हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो कॅनडात. १९६० नंतरच्या दशकात त्या देशाने आपल्या भूमीची उपयुक्ततेनुसार पाहणी हाती घेतली. शेतीस योग्य कोणती, वनास कोणती, वन्य प्राण्यांसाठी कोणती, असे तिचे वर्गीकरण करावयाचे होते. रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने हे नकाशे संगणकावर घेण्याचे ठरले. त्या वेळचा मोठा साठा चुंबकीय फितीवर असे, आणि फीत पुढून मागे क्रमानेच वाचावी लागते. नकाशावर शेजारी असलेले भाग फितीवर दूर पडले, तर फीत गुंडाळण्यातच दिवस जावयाचा. आय.बी.एम. कंपनीतील जी. एम. मॉर्टन यांनी १९६६ साली यावर जी युक्ती काढली ती इतकी सोपी आहे की, शाळेतील मुलांनाही ती फळ्यावर करून दाखविता येईल.

एखाद्या चौकटीचे पूर्वेकडील अंतर ३७ व उत्तरेकडील अंतर ५२ आहे असे समजू. दोन्ही संख्यांचे अंक आळीपाळीने घ्यावयाचे: ३, ५, ७, २. चौकटीचा क्रमांक झाला ३५७२. ज्या क्रमांकांची सुरुवात ३५ ने होते त्या सर्व चौकटी मिळून एकच मोठा चौरस होतो, तो म्हणजे पूर्वेस ३० ते ३९ व उत्तरेस ५० ते ५९. चौकटी क्रमांकाच्या ओळीने लावल्या की हा सारा शेजार आपोआप एकत्र येतो, आणि ओळ एकच असल्यामुळे त्यावर नेहमीची बी-वृक्षाची सूचीही चालते. प्रत्यक्षात हे काम दशमान अंकांऐवजी संगणकाच्या शून्य-एक या अंकांनी करतात, इतकाच फरक.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशापत्रांचे क्रमांक असेच पायरीपायरीने बनत. चार अंशांचा एक मोठा चौकोन, त्याचे ए पासून पी पर्यंत सोळा भाग, व प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा. पणजीचे नकाशापत्र ४८ ई/१५. यातील ‘४८’ वाचताच मोठा प्रदेश कळतो, ‘ई’ वाचताच तो आकुंचित होतो व ‘१५’ ने नेमकी जागा हाती येते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नव्या मालिकेस निराळे क्रमांक आले, तरी जुन्या अभियंत्यांच्या व भूगोलाच्या शिक्षकांच्या तोंडी ते अजून आहेत.

परंतु पायरीच्या क्रमांकात एक उणीव राहतेच. ४८ ई/१५ च्या पूर्वेस लागून असलेले नकाशापत्र ४८ आय/३ आहे. नकाशावर कडेला कड, क्रमांकात मात्र दोघांचा काही संबंध दिसत नाही. टपालाच्या पिन क्रमांकाचेही तेच. पेडण्याचा क्रमांक ४०३५१२ आणि सीमेपलीकडच्या बांद्याचा ४१६५११. मॉर्टनच्या क्रमातही ३९,५२ ही चौकट ३५९२ होते व तिला चिकटलेली ४०,५२ ही ४५०२ होते. प्रश्नाचा आयत अशा सीमेवर बसला तर त्याचे तुकडे करून दप्तराच्या निरनिराळ्या भागांत शोध घ्यावा लागतो. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९१ साली मांडलेली वळणावळणाची रेषा येथे अधिक उपयोगी पडते. तिच्या क्रमात लागोपाठचे दोन क्रमांक नेहमी शेजारच्याच चौकटींना मिळतात. शेजारच्या दोन चौकटींना लागोपाठचे क्रमांक मिळतीलच असे मात्र नाही; तसे करणे कोणत्याही रेषेला शक्य नाही.

जमीन म्हणजे ठिपका नव्हे

आतापर्यंत प्रत्येक जमीन हा नकाशावरील एक ठिपका मानला. वास्तविक जमिनीला आकार असतो. काही वाकडा, काही लांबोडा, ओढ्याकाठी तर करवतीसारखा. अशा आकारांसाठी बर्कली येथील अँटोनिन गटमन यांनी १९८४ साली ‘आर-वृक्ष’ ही रचना मांडली. प्रत्येक जमिनीभोवती तिला पुरते सामावून घेणारा लहानात लहान आयत कल्पावयाचा. शेजारचे आयत एका गठ्ठ्यात घ्यावयाचे, त्या गठ्ठ्याभोवती पुन्हा एक मोठा आयत, अशा गठ्ठ्यांच्या समूहाभोवती त्याहून मोठा, असे वर वर जात शेवटी एक सर्वसमावेशक आयत उरतो. शोध वरून खाली येतो. ज्या आयताला रस्त्याचा पट्टा स्पर्शही करीत नाही, त्याच्या आतील काहीही पाहावयाचे नाही.

आयताला स्पर्श झाला म्हणजे जमिनीला झालाच असे नाही. म्हणून शेवटी मूळ आकार घेऊन नेमकी तपासणी करावी लागते. आरंभी सांगितलेल्या पहिल्या अपेक्षेच्या दृष्टीने ही दोन टप्प्यांची पद्धत फार महत्त्वाची आहे. जमीन आयताबाहेर कधीच जात नसल्यामुळे पहिल्या टप्प्यात चुकीने जास्तीच्या जमिनी निवडल्या जातील, पण लागणारी एकही गळणार नाही. मात्र यासाठी मोजणी व नकाशा बिनचूक असला पाहिजे. नकाशातच हद्द दहा मीटर सरकलेली असेल तर तिला कोणताही वृक्ष सावरू शकत नाही, हे अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

आर-वृक्ष व्यवहारात फार लोकप्रिय झाला. २००१ पासून उपलब्ध असलेल्या ‘पोस्टजीआयएस’ या खुल्या प्रणालीत नकाशांची सूची त्याच धर्तीवर केली जाते. पण त्याचीही एक दुखरी बाजू होती. आयत एकमेकांवर चढतात, आणि एका जागेसाठी दोन-तीन फांद्यांत उतरावे लागते. लांबच लांब कालव्याची पट्टी लहान लहान वाफ्यांच्या गठ्ठ्यात जाऊन बसली की त्या गठ्ठ्याचा आयत कालव्याएवढा होतो, आणि कोणत्याही प्रश्नाला तो गठ्ठा उगीचच सोडावा लागतो. इतकेच नव्हे, तर उत्तरात एकही नोंद नसताना शेवटच्या पायरीवरील सर्वच्या सर्व गठ्ठे पाहावे लागतील, अशीही उदाहरणे रचता येतात.

यावर खात्रीचा उपाय २००४ साली निघाला. डेन्मार्कमधील लार्स आर्गे यांनी मार्क द बर्ग, हर्मन हावरकॉर्ट व के यी यांच्यासह ‘अग्रक्रम आर-वृक्ष’ मांडला. त्याची युक्ती अनुभवी दप्तरदाराला सहज पटेल. प्रत्येक पायरीवर विभागणी करण्यापूर्वी जे आयत पश्चिमेकडे, दक्षिणेकडे, पूर्वेकडे व उत्तरेकडे सर्वांत दूरवर पोचतात ते आधी निवडून त्यांचे चार स्वतंत्र गठ्ठे बांधावयाचे. दांडग्यांना वेगळे बसविले की लहानांचे गठ्ठे आटोपशीर राहतात. आकार कसेही असोत व प्रश्न कसाही असो, खेपांची संख्या वर सांगितलेल्या वर्गमूळाच्या प्रमाणाबाहेर जाणार नाही (उत्तरातील नोंदी आणण्याच्या खेपा अर्थात निराळ्या), अशी हमी यामुळे मिळाली. १० लाख नोंदींच्या उदाहरणात याचा अर्थ दहा हजार खेपा नव्हेत, काही शे.

एक बाजू उघडी ठेवली तर

प्रश्नाचे स्वरूप किंचित बदलले तर खर्च किती उतरतो, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. एका सरळ रस्त्यालगतच्या विहिरींची नोंद आहे. ‘दहाव्या ते विसाव्या किलोमीटरमधील, १५ मीटरहून खोल विहिरी द्या’, हा प्रश्न तीन बाजूंचा आहे. खोलीला वरची मर्यादा नाही. अशा प्रश्नाकरिता बी-वृक्षाचे जनक मॅकक्राइट यांनीच १९८५ साली अंतर्गत स्मृतीपुरती एक रचना दिली होती. तीत किलोमीटरप्रमाणे फांद्या पडतात व प्रत्येक फांदीवर तेथील सर्वांत खोल विहिरी वरच टांगलेल्या असतात. वरच्या विहिरी उथळ निघाल्या की खाली पाहण्याची गरजच उरत नाही. १९९९ मध्ये आर्गे, सामोलादास व व्हिटर यांनी तिला बाह्य स्मृतीत आणले. प्रती न वाढविता, सूचीच्या तीन-चार खेपा व उत्तराच्या नोंदी मावतील तितके गठ्ठे, एवढ्या प्रमाणातील खर्चात काम होते. चौथी बाजू घातली (‘१५ मीटरहून खोल, पण २५ मीटरहून उथळ’) की एवढ्याच जागेत ही हमी देता येत नाही. म्हणून माहिती मागविताना चौथी अट खरोखरच आवश्यक आहे काय, याचा विचार मागणाऱ्याने केला तर पुष्कळ श्रम वाचतात.

नव्या नोंदींचे काय?

दप्तर कधी स्थिर राहत नाही. वाटण्या होतात, पोटहिस्से पडतात, खरेदीखते होतात. वर वर्णिलेला नीटनेटका वृक्ष प्रत्येक फेरफारासोबत उस्कटून पुन्हा बांधणे परवडणारे नाही, आणि नव्या नोंदी कोठेतरी खुपसत गेल्यास त्याचा नीटपणा राहत नाही. यावरील एक तोडगा कचेरीच्या जुन्या रीतीसारखाच आहे. रोजच्या नोंदी आधी छोट्या वहीत. वही भरली की तिचा एक लहान वृक्ष. तितक्याच मोठा दुसरा झाला की दोन्ही मिळून दुप्पट आकाराचा एक नवा. असे दुपटीदुपटीने वाढत जाणारे थोडेच वृक्ष शिल्लक राहतात. दहा लाख नोंदी असल्या तरी अशा वृक्षांची संख्या पंधराच्या आतबाहेरच भरते. शोध घेताना प्रत्येकात एकदा पाहावयाचे व उत्तरे एकत्र करावयाची. बेंटली व सॅक्स यांनी १९८० साली मांडलेले हे तत्त्व २००३ मध्ये ‘बीकेडी-वृक्ष’ या नावाने बाह्य स्मृतीतील ठिपक्यांना लावण्यात आले, आणि २०१६ पासून ‘ल्युसीन’ या खुल्या शोधप्रणालीत ते रूढ झाले. जवळचे दुकान किंवा जवळचा दवाखाना शोधून देणाऱ्या कित्येक सेवांच्या पोटात हीच वहीची आणि गठ्ठ्यांची रीत चालू असते.